रुसलेला मेंढा

१

"यातला एक नकली आहे," लिलाव कंपनीची पारखीण म्हणाली आणि तिने हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

झालं! एवढं एकच वाक्य, पण त्याने घराची सगळी घडी विस्कटली. दादा खुर्चीतून ताडकन उठला. चिमीचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. आणि या दोघांची आई सोफ्याच्या कोपऱ्यात बसून एकदा लेकाकडे, एकदा लेकीकडे बघत राहिली. दिव्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

टेबलावर जुन्या चादरीवर दोन्ही दिवे आडवे ठेवलेले होते. भिंतीवरचे दिवे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिन्यातला धुरकट बल्ब येतो. हे प्रकरण तसलं नव्हतं. अस्सल ब्राँझ, वर सोन्याचा मुलामा. माथ्यावर रेशमी फितीची गाठ, खाली पन्हळी पाडलेला उभा खांब, खांबाच्या मध्यावर मान वळवून बघणारं मेंढ्याचं डोकं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेले दोन बाहू. प्रत्येक बाहूच्या टोकाला मेणबत्तीची वाटी, वाटीभोवती पानं. पानांच्या शिरासुद्धा कोरलेल्या होत्या. एका जुन्या नाट्यगृहाचं पाडकाम चाललं होतं, तिथून मुलांच्या आजोबांनी ते उचलून आणले होते. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा ते दिवाणखान्यातल्या मोठ्या आरशाच्या दोन बाजूंना लागलेलेच होते.

"नकली? कशावरून?" दादाने विचारलं.

पारखिणीने दोन्ही दिवे पालथे केले. "जुना मुलामा पाऱ्याचा असतो. सोनं पाऱ्यात कालवायचं, तो लेप पुढच्या बाजूला लावायचा आणि दिवा विस्तवावर धरायचा. पारा धूर होऊन उडून जातो, सोनं मागे राहतं. त्या धुराने कारागिरांची फुप्फुसं जायची हो. मग भिंतीकडे जाणाऱ्या पाठीला सोनं लावायला कोण बसतंय? हा डावीकडचा बघा. पाठ तपकिरी, कडेला फक्त ओघळ आलेत. आणि हा उजवा. पाठसुद्धा पिवळीधमक! हा विजेच्या कुंडात बुडवून काढलाय. बुडवलं की पाठही सोन्याची होते."

"उजवा!" दादा आणि चिमी एकदमच म्हणाले.

आणि मग जी काय जुंपली, काही विचारू नका.

"चिमे, लेकीच्या लग्नात सजावटीला म्हणून तू नेला होतास उजवा! चांगला महिनाभर ठेवून घेतलास!"

"आणि पॉलिशला कोणी दिला होता? त्याची खिळी ढिली झाली म्हणून तोच तेवढा काढून कोण घेऊन गेलं होतं? मी?"

पारखिणीने आपली बॅग आवरली. वस्तूचा घोळ मिटेपर्यंत कंपनी काही हात लावणार नाही, असं ती जाता जाता सांगून गेली, पण ते ऐकायला कोणाला सवड होती? घर विकायचं ठरलं होतं, सामानाची वाटणी जवळजवळ झाली होती, आणि इतके दिवस दोघंही एकमेकांशी अगदी साखर घोळून बोलत होती. ती साखर त्या दुपारी संपली.

"चोर घरातलाच आहे," दादा म्हणाला.

"खरं आहे," चिमी म्हणाली, "आणि तो माझ्यासमोर उभा आहे."

२

मामा दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन थडकला.

मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलेली. कुणाचं गोदाम जळो, कुणाची गाडी दरीत जावो, मामा राख चिवडायला हजर. निवृत्त झाल्यावर ही खोड जाईल असं बायकोला वाटलं होतं, पण छे! घरात दूध उतू गेलं तरी हा गॅसपाशी उभा राहून साक्षी-पुरावे काढायचा. बहिणीचा फोन आला तेव्हा मामीनेच त्याची पिशवी भरून दिली.

"ताई, दिवा सापडेल. तू काळजी करू नकोस," मामाने बूट काढता काढता सांगितलं.

"मेला तो दिवा!" ताई म्हणाली. "दिवा गेला तर गेला. ही दोघं काल एकमेकांचा निरोपही न घेता गेली रे. माझ्यानंतर ही एकमेकांच्या घरची पायरी चढणार नाहीत. मला ते डोळ्यांनी बघवत नाही. तू एवढं कर, चोर दोघांपैकी कुणी नाही असं मला शोधून दे."

"आणि दोघांपैकीच कुणी असला तर?"

मामाला पहिल्यांदाच एखाद्या चौकशीची धास्ती वाटली. परक्याच्या गोदामातली राख चिवडणं सोपं, हे त्याला त्या क्षणी कळलं.

दुपारी दादा आला. आल्या आल्या त्याने हात वर केले. "मामा, मी पॉलिशवाल्याकडे दिवा दिला आणि पॉलिशवाल्याकडून घेतला. मधे काय झालं ते मला काय ठाऊक? पण मी चोर? अरे, मला या दिव्यांची किंमत कधी कळलीच नव्हती. मला फक्त रविवारची संध्याकाळ आठवते. बाबा मोठा दिवा बंद करायचे, हे दोनच ठेवायचे, रेकॉर्ड लावायचे. मी आणि चिमी सतरंजीवर आडवे पडायचो. छतावर या पानांच्या सावल्या पडायच्या. तिला त्यात हत्ती दिसायचा, मला कधी दिसला नाही."

"दिसत नव्हता हे तिला सांगितलंस कधी?"

"छे! रडली असती ती."

चिमी आली ती दादा गेल्याची खात्री करून. डोळे सुजलेले, पण तोरा तसाच. "लग्नात दिवा मांडवाच्या मागे होता, मामा. माझ्या नजरेसमोर. आणि मला विकायचाच असता तर मी हाच मेंढा विकला असता का? माझा जीव त्या रुसलेल्या मेंढ्यात अडकलाय!"

"रुसलेला?"

"म्हणजे उजवा हो. डावा मेंढा आरशाकडे बघतो आणि उजवा खिडकीकडे तोंड फिरवून बसलाय. मी लहानपणी विचारलं होतं, बाबा, हा असा का? बाबा म्हणाले, तो रुसलाय. कुणावर म्हटलं, तर म्हणाले, आपल्याच भावावर. मी रोज शाळेतून आले की खुर्चीवर चढून त्याची समजूत काढायची. दादा खालून खुर्ची धरायचा."

बोलता बोलता तिला हसू आलं आणि मग आपण दादावर चिडलोय हे आठवून ते तिने गिळलं. मामाने ते पाहिलं. चोरटा माणूस असा हसत नाही, असं त्याच्या मनात आलं. पण मनात आलेलं विमा कंपनीत कधी चाललं नव्हतं, ते इथे काय चालणार?

उरला पॉलिशवाला.

३

पॉलिशवाल्याचं दुकान बाजारामागच्या बोळात. बाहेर समया नाहीत की घंगाळी नाहीत, नुसत्या दारांच्या पितळी मुठी-कड्या आणि नळांच्या तोट्या टांगलेल्या. आत चाक फिरत होतं आणि त्या आवाजात मामाला दोनदा ओरडून विचारावं लागलं.

पॉलिशवाल्याने चाक थांबवलं. दिवा म्हटल्यावर त्याला सगळं आठवलं. "मी त्याला चाकावर धरलाच नाही साहेब. सोन्याचा मुलामा चाकावर धरला की गेलाच. नुसती खिळी बसवली, मऊ ब्रशने धूळ काढली आणि परत दिला."

"नकली आहे हे तुला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? पाठ बघितली की कळतंच."

मामा सावरून उभा राहिला. "म्हणजे तुझ्याकडे आला तेव्हाच तो नकली होता, असं तुझं म्हणणं. सोयीचं आहे!"

पॉलिशवाला चिडला नाही. हात पुसत त्याने स्टूल पुढे सरकवलं. "सोयीचं असतं तर मी तेव्हा गप्प बसलो असतो. मी सांगितलं होतं. दादासाहेबांना नाही, त्यांच्या वडिलांना. ते तेव्हा हयात होते ना. दिवा न्यायला दोघं आले होते, दादासाहेब गाडी लावत होते, तेवढ्यात मी म्हाताऱ्या साहेबांच्या कानावर घातलं. म्हटलं, साहेब, हा नकली आहे, तुम्हाला कुणीतरी फसवलंय."

"मग?"

"हसले. म्हणाले, माहीत आहे मला. एक नकली आहे म्हणून तर जोडी आहे. आणि वर म्हणाले, मुलांपाशी बोलू नकोस."

मामा स्टुलावर बसला तो बसूनच राहिला. त्याचे मेहुणे, त्याचे दाजी, सगळ्या आळीत ज्यांच्या शब्दाला वजन होतं असा माणूस. त्यांना ठाऊक होतं!

मग अस्सल दिवा त्यांनीच विकला, की आणखी काही?

४

"मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवतोय तो!" दादा कडाडला.

या एका बाबतीत चिमीचं आणि त्याचं एकमत झालं, पण ते दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नाही. सगळे पुन्हा दिवाणखान्यात जमले होते. आरशाच्या दोन बाजूंना भिंतीवर दोन फिकट न झालेले चट्टे आणि त्यातून लोंबणाऱ्या वायरी. खोली कशी भुंडी दिसत होती.

"खपवतोय का ते बघू," मामा म्हणाला. "ताई, या दिव्यांत वीज कधी आली?"

"चिमी पोटात होती तेव्हा. दादाने मेणबत्तीवर बोट भाजून घेतलं, म्हणून मीच हट्ट धरला. यांना आवडलं नव्हतं. मेणबत्तीच्या उजेडात सोनं जागं होतं म्हणायचे."

"त्यानंतर मेणबत्ती लावली कुणी?"

"वाटीत बल्ब बसवल्यावर मेणबत्ती कुठे लावणार?"

"बरोबर. आता बघा." मामाने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि नकली दिव्याच्या वाटीतलं बल्बचं होल्डर फिरवून फिरवून बाहेर काढलं. खाली वाटीच्या तळाशी मळकट पिवळा थर होता. त्याने नखाने टोकरला. ढलपी निघाली. त्याने ती दादाच्या हातावर ठेवली.

"मेण," दादा हळूच म्हणाला.

"मेण. जळक्या वातीसकट. म्हणजे हा नकली दिवा मेणबत्त्या लावायचे तेव्हासुद्धा याच भिंतीवर होता. वीज यायच्या आधी. त्या वेळी, दादासाहेब, तुम्ही चड्डीची नाडी बांधायला आईकडे जात होता. आणि चिमीबाई, तुमचा तर अजून पत्ताच नव्हता. तेव्हा दोघांवरचा चोरीचा आरोप रद्द! पॉलिशवालाही सुटला."

चिमीने सुस्कारा सोडला. दादाने मेणाची ढलपी परत देताना पहिल्यांदा बहिणीकडे नीट पाहिलं. मामाला वाटलं, जिंकलो! आता ताई म्हणेल, शाबास.

पण ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे यांनी विकला," ती म्हणाली. "मला न सांगता. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून, त्या नकली दिव्याखाली बसून, माझ्याशी गोड गोड बोलले. आणि काय काय लपवलं असेल रे त्यांनी माझ्यापासून?"

ती उठून आत गेली. आतून दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

मामा हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा होता. मुलं सुटली आणि नवरा अडकला! असली चौकशी त्याने जन्मात केली नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने दादाला आणि चिमीला बोलावून घेतलं. "दिवे परत भिंतीवर धरा," तो म्हणाला. "मला ते जागेवर बघायचेत. तू डावा, तू उजवा."

दोघांनी दिवे उचलून धरले. मामा मागे मागे जात दारापर्यंत गेला. किती वर्षं तो या खोलीत येत होता! भाऊबिजा राहू द्यात, नुसत्या गप्पांसाठी किती वेळा आला असेल. दाजी त्या खुर्चीत बसायचे, पाय टेबलावर, आणि याची थट्टा करायचे, काय शेरलॉक, आज कुणाची राख? आणि इतक्या वर्षांत डोक्यावरच्या दिव्यांकडे याने कधी धड पाहिलं नव्हतं. डोळे असून आंधळा! मामाला स्वतःचा राग आला.

"तुमचा डावा मेंढा आरशाकडे बघतोय. उजवा खिडकीकडे," तो म्हणाला. "आता अदलाबदल करा."

"कशाला?" चिमीने विचारलं. हात भरून आले होते तिचे.

"करा म्हणतो ना!"

दोघांनी जागा बदलल्या. अरुंद जागेत एकमेकांना ओलांडताना दादाने सवयीने तिच्या दिव्याला खालून हात लावला. मामा बघत राहिला.

"हात्तेरेकी!" तो ओरडला. "ताई! बाहेर ये आधी!"

ताई दाराशी आली. तोंड सुकलेलं, पण आली.

"आता कुठे बघताहेत?" मामाने विचारलं.

"अजून खिडकीकडेच," ताई म्हणाली. "दोन्ही."

"दोन्ही! अदलाबदल केली तरी दोन्ही! ताई, जोडीतले दोन दिवे असे असतात का? तुझ्या पायातल्या चपला बघ. एक डावी, एक उजवी. जोडीतला एक मेंढा इकडे वळलेला हवा, एक तिकडे, म्हणजे आरशावरून दोघं एकमेकांकडे बघतील. इथे दोन्ही डाव्याच चपला आहेत!"

त्याने तिथूनच पारखिणीला फोन लावला. जोडीतली डोकी नेहमी समोरासमोर असतात का? हो, अगदी नेहमी, ती म्हणाली. "मी त्या दिवशीच टिपून ठेवलं होतं. विचारणारही होते, उजव्या बाजूचा दिवा तुम्ही कधी पाहिलाय का. पण तुमच्याकडे तेव्हा मला तोंड उघडायला जागाच नव्हती."

मामाने फोन खाली ठेवला आणि खुर्चीत बसला. दाजींच्याच खुर्चीत.

"आता माझं ऐका. समजा, चोराने, किंवा दाजींनीच म्हणू, उजवा अस्सल दिवा काढून त्या जागी नकली लावायचा ठरवलं. ओताऱ्याला नमुना कुठला देतील? हातात आहे तोच. उजवाच. मग नक्कलही उजव्याच वळणाची झाली असती आणि कुणाला संशयही आला नसता. पण हा नकली दिवा डाव्यावरून ओतलाय. का? कारण ज्याने तो करून घेतला त्याच्याकडे उजवा नव्हताच!"

"नव्हता म्हणजे?" दादाने विचारलं.

"म्हणजे या भिंतीवर तो कधी लागलाच नाही. दाजींनी काही विकलं नाही, ताई. तुझ्यापासून काही काढून घेतलं नाही. ते या घरात आले तेच एक दिवा घेऊन. एकुलता एक. भिंत भुंडी दिसू नये म्हणून त्यांनी दुसरा करून घेतला. एक नकली आहे म्हणून तर जोडी आहे!"

ताई हळूच सोफ्यावर टेकली. तिने पदराने डोळे टिपले आणि मग पुन्हा टिपले. म्हणाली, "उगाच बोलले मी त्यांना काल. आत बसून चांगलं भांडले."

"पण मग खरा उजवा कुठाय?" चिमी म्हणाली.

"ते तुला तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं," मामा म्हणाला. "तो मेंढा कुणावर रुसला होता म्हणाले?"

चिमीने दादाकडे बघितलं. दादाने तिच्याकडे. आणि ताईच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"भाऊजी!"

६

दाजींना एक धाकटा भाऊ होता. होता म्हणजे, आहे. ताईने त्याला आपल्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. आई-वडील गेल्यावर दोघा भावांचं काहीतरी बिनसलं, एवढंच तिला ठाऊक. काय बिनसलं ते दाजींनी कधी सांगितलं नाही आणि विचारलं की ते उठून फिरायला जायचे. मुलांना काका म्हणजे नुसता एक पत्ता होता, गाडीने दोन-तीन तासांवरचा.

चौघं दादाच्या गाडीतून गेली. ताई पुढे बसली. मागे मामा आणि चिमी.

दार उघडलं ते एका वाळक्या, ताठ म्हाताऱ्याने. क्षणभर ताईला धस्स झालं. तेच नाक, तीच उभं राहायची तऱ्हा. "मी तुमची वहिनी," ती म्हणाली. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि दारातून बाजूला झाला.

बैठकीच्या खोलीत एक आरसा होता, दाजींच्या आरशापेक्षा लहान. आणि त्याच्या दोन बाजूंना दोन दिवे. फितीची गाठ, पन्हळीचा खांब, मेंढा. उजवा मेंढा आरशाकडे बघत होता. डावा दाराकडे तोंड करून बसला होता.

"इथेसुद्धा!" चिमीच्या तोंडून निघून गेलं.

"डावा खोटा आहे," काका म्हणाला. "उजव्यावरून करून घेतला."

मग त्याने सांगितलं. कशावरून भांडण झालं? तर या दिव्यांवरूनच. बाकी सगळं, भांडीकुंडी, जमीन, दागिने, दोघांनी हसत खेळत वाटून घेतलं होतं. दिव्यांपाशी गाडी अडली. दोघांनाही दोन्ही हवे होते. तू मला दे, नाही तू मला दे. शेवटी रागारागात दोघांनी एकेक उचलला आणि निघाले ते निघालेच.

"एकटा दिवा भिंतीवर बघवेना. ओताऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, दुसऱ्या बाजूचा नमुना आणा, म्हणजे वळण बरोबर येईल. मी म्हटलं, त्याच्या दारात मी जाणार नाही. असाच कर. तो गालात हसला. मला राग आला त्याचा. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, आमचा थोरला त्याच महिन्यात त्याच ओताऱ्याकडे गेला होता आणि हेच बोलून आला होता. दोन्ही अस्सल दिवे ओताऱ्याच्या फळीवर शेजारी शेजारी पडले होते म्हणे. नुसतं एकाने हो म्हणायचं होतं."

काकाने ताईकडे बघायचं टाळलं.

"वहिनी, तो गेला तेव्हा तुम्ही कळवलं होतंत."

"कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत."

"आलो होतो." म्हातारा म्हणाला. "तुमच्या कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत आलो होतो. दारात माणसं उभी होती. मला कुणी ओळखलं नसतं. मी कोण म्हणून सांगायचं? भाऊ म्हणून? आयुष्यभर पायरी चढलो नाही आणि आता कसला भाऊ? तिथेच उभा राहिलो. तुम्ही सगळी निघून गेलात आणि मग मी परत आलो."

ताईला हुंदका आवरला नाही. मामाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, कारण त्याचंही काही खरं नव्हतं.

काका उठला. खुर्ची ओढून आरशाशी गेला आणि उजव्या दिव्यावर हात ठेवून म्हणाला, "हा घेऊन जा. माझ्यामागे कोण आहे? तुमचा डावा आणि हा, खरी जोडी होईल. दोघांपैकी एकाने ठेवा. तोडू मात्र नका."

"चिमीला द्या," दादा म्हणाला.

"मला कशाला?" चिमी म्हणाली. "तू थोरला. तुझ्या दिवाणखान्यात भिंत आहे एवढी मोठी."

"माझ्या भिंतीवर टीव्ही आहे. तू घे म्हटलं ना!"

"मला नकोत. तुला आवडतात ते."

"आणि तुला आवडत नाहीत? लहानपणी खुर्चीवर चढून कोण बोलत बसायचं?"

"म्हणूनच सांगते, मी तो खोटा नेईन! खरे तू घे!"

"खोटा अजिबात मिळायचा नाही तुला! तो मला हवाय! खरे घ्यायचे असतील तर बोल!"

"हे बघ दादा, फार शहाणपणा करू नकोस. मी लहान आहे, माझं ऐकायचं!"

"लहान आहेस तर गप्प बस आणि घे!"

आवाज चढले. दादा लालबुंद झाला, चिमीने कमरेवर हात ठेवले. मामा मध्ये पडायला निघाला होता, पण ताईने त्याची बाही धरली. कारण काका हसत होता. आधी नुसते खांदे हलले, मग तो मोठ्याने हसायला लागला, खुर्चीच्या पाठीला धरून, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अगं वहिनी," तो म्हणाला, "असंही भांडता येतं होय? आम्हाला हे सुचलंच नाही गं!"

आणि तो खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला. दादा आणि चिमी मात्र अजून भांडतच होती.